बेळ्ळंदूर सोडा, विशाखापट्टणला चला!
भांडवलाच्या स्थलांतराचा खरा अर्थ

सप्टेंबर २०२५ च्या मध्यास बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर येथे नऊ वर्षे कचेरी थाटून बसलेल्या ब्लॅकबक या कंपनीच्या प्रमुखांनी एक जाहीर तक्रार केली. कर्मचाऱ्यांना कामावर पोहोचण्यास एका वेळचा दीड तास लागतो, रस्ते खड्ड्यांनी व धुळीने भरले आहेत, ते सुधारण्याची इच्छाही कोठे दिसत नाही. सबब आम्ही येथून हलत आहोत, असा तिचा आशय होता. ही तक्रार प्रसिद्ध होते न होते तोच आंध्र प्रदेशचे मंत्री नारा लोकेश यांनी कंपनीला विशाखापट्टणचे आमंत्रण धाडले. सरकारला कोणी धमकावू शकत नाही, असे कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी बजावले. उद्योजकांच्या गाऱ्हाण्यांना आम्ही धमकी समजत नाही, असा टोला लोकेश यांनी परतवला. काही दिवसांनी कंपनीने खुलासा केला की, ती बंगळूर सोडणार नसून त्याच शहरात केवळ जागा बदलणार आहे. म्हणजे ज्या लग्नासाठी दोन वऱ्हाडे भांडली त्या लग्नाची बोलणीच झालेली नव्हती!

परंतु या प्रकरणाने एका प्रचाराला चांगलाच जोर चढला. महानगरे आता राहण्याजोगी उरली नाहीत. शहाण्या माणसाने झपाट्याने वाढणाऱ्या मध्यम शहराची वाट धरावी. तेथे घर स्वस्त, हवा स्वच्छ, रस्ते मोकळे, वर समुद्रकिनारा, आणि आईबापही हाकेच्या अंतरावर, असा हा प्रचार आहे. जमीन व इमारती विकणारे धनदांडगे तो करतात, त्यांच्या जाहिरातींवर जगणारी वृत्तपत्रे तो छापतात आणि राज्य सरकारे त्याला धोरणाचे रूप देतात. ज्याचा रोज तीन तासांचा जीव रस्त्यावर जातो त्या नोकरदार तरुणाला हा प्रचार पटतो, यात नवल नाही. म्हणूनच तो हसण्यावारी न नेता तपासून पाहिला पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकाला तर यात ओळखीची चाल दिसेल. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पुण्यात हिंजवडीच्या सरपंचांना सर्वांदेखत सुनावले होते की, हिंजवडीचे आयटी पार्क बंगळूर-हैदराबादकडे चालले आहे. दोन महिने उलटतात तोच बंगळूरचे भांडवल विशाखापट्टणला निघाल्याची आवई उठली. पुण्याचा कंटाळा आला म्हणून बंगळूर, बंगळूरचा कंटाळा आला म्हणून विशाखापट्टण! विशाखापट्टणचा कंटाळा आल्यावर कोठे जावयाचे, ते अद्याप कोणी सांगितलेले नाही.

फ्रेडरिक एंगल्सने १८७२ साली लाइपझिगच्या कामगारपत्रात घरांच्या प्रश्नावर लेखमाला लिहिली. भांडवलदारवर्ग हा प्रश्न कधी सोडवीत नाही, तो फक्त एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतो, असे तिचे प्रतिपादन होते. दीडशे वर्षांपूर्वीचे हे निदान एखाद्या नव्या गावाला अक्षरशः लागू पडलेले पाहावयाचे असेल, तर बेळ्ळंदूरहून अधिक चांगले गाव सापडणे कठीण.

बेळ्ळंदूरचे काय झाले?

बेळ्ळंदूरचा तलाव हा बंगळुरातील सर्वांत मोठा, सुमारे ९०० एकरांचा. शहराचे पावसाचे पाणी कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातून या तलावात, तेथून वर्तूरच्या तलावात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळून तमिळनाडूत जाते. या पाण्यावर खालच्या गावांची भातशेती होत असे, मासेमारी चाले, माणसे व गुरे पाणी पीत. शहर वाढले, तशी इमारतींना परवानगी देण्यात घाई झाली आणि सांडपाण्याच्या सोयीत दिरंगाई. ज्या नाल्यांतून पाऊस येत असे त्यांतून मैला येऊ लागला. मे २०१५ मध्ये तलावाच्या तोंडावरील फेसाने पेट घेतला. पाण्याला आग लागल्याची ती छायाचित्रे जगभर गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली. जानेवारी २०१८ मध्ये लागलेली आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना तासन्‌तास झुंजावे लागले. त्या वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कर्नाटक सरकारला ५० कोटी व महापालिकेला २५ कोटी रुपयांचा दंड केला आणि तलावाच्या सुधारणेसाठी ५०० कोटी रुपये स्वतंत्र खात्यात ठेवण्यास फर्मावले. हा दंड कोणाच्या खिशातून गेला? कर भरणाऱ्या जनतेच्या. तलावाकाठच्या मजल्यांवर नफा कमावून गेलेल्यांच्या खिशाला त्याची झळ लागली नाही.

उलट त्यांना दिलासा मिळाला. आगरा व बेळ्ळंदूर या दोन तलावांमधील जमिनीवर उभारल्या जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्धच्या दाव्यात हरित न्यायाधिकरणाने मे २०१६ मध्ये तलावांभोवती ७५ मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली होती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई रद्द ठरविली. नगर आराखड्यातील ३० मीटरची मर्यादा बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणास नाही, असे कारण दिले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पाणी मात्र नगर आराखडा वाचून वाहत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ च्या पावसात बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्याची नदी झाली, बेळ्ळंदूरच्या आयटी पार्कांत पाणी शिरले आणि लठ्ठ पगाराचे कर्मचारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कामावर गेले. या रस्त्यावरील कंपन्यांच्या संघटनेने तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांना पत्र लिहून ३० ऑगस्टच्या एका दिवसात २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा हिशेब दिला. हिशेब नेटका होता. बुडालेल्या झोपडीतील तांदूळ, गादी व मुलांची दप्तरे यांना मात्र त्यात रकाना नव्हता.

कारण बेळ्ळंदुरात केवळ संगणकापुढे बसणारेच राहतात, हा एक गोड गैरसमज आहे. काचेच्या त्या प्रत्येक इमारतीमागे झाडणारे, पहारा देणारे, भांडी घासणारे, गवंडीकाम करणारे आणि दारोदार डबे पोहोचविणारे हजारो हात आहेत. बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथे अशा मजुरांची वस्ती होती. काही उत्तर कर्नाटकातून आलेले, काही आसाम, त्रिपुरा व पश्चिम बंगालमधून. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या स्थानिक भाजप आमदारांनी एक चित्रफीत प्रसृत करून हे बांगलादेशी घुसखोर असल्याचा संशय पिकविला. आठवड्याच्या आत वस्तीवर यंत्रे चालली आणि शंभराहून अधिक झोपड्या भुईसपाट झाल्या. लोक आपली ओळखपत्रे हातात धरून उभे होते, ती पाहावयाची तसदी कोणी घेतली नाही. पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने पोलिसांच्या कारवाईवर ताशेरे ओढले, ती बेकायदेशीर ठरविली आणि भरपाईची जबाबदारी राज्यावर टाकली. शहर सोडण्याची खरी सक्ती कोणावर होते, ते यावरून कळते. कंपनी हलते तेव्हा मंत्री आमंत्रण धाडतात. मजूर हलविला जातो तेव्हा बुलडोझर येतो.

आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले ते भांडवलदार शहराला काय देतात? १९ सप्टेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी विप्रोचे संस्थापक अझीम प्रेमजी यांना पत्र लिहिले. इब्लूर चौकातील कोंडी फोडण्यासाठी सर्जापूर रस्त्यावरील कंपनीच्या आवारातून काही वाहने जाऊ द्यावीत, अशी विनंती त्यांनी केली. प्रेमजींनी सौजन्यपूर्वक नकार दिला: आवार खासगी मालकीचे, त्यातही विशेष आर्थिक क्षेत्र, सार्वजनिक रहदारीसाठी ते नाही, हवा तर वाहतुकीच्या शास्त्रीय अभ्यासाचा खर्च उचलू. एका राज्याचा निर्वाचित मुख्यमंत्री रस्त्यासाठी अर्ज करतो आणि कारखानदार तो फेटाळतो, हे दृश्य कोणाच्या हाती सत्ता आहे हे सांगण्यास पुरेसे आहे. विशेष आर्थिक क्षेत्राच्या सवलती देताना शहराने असा अर्ज मागितला नव्हता.

पाण्याचीही तीच कथा. बेळ्ळंदूर २००७ पर्यंत ग्रामपंचायत होती, आणि संगणकावर कारभार करणारी पंचायत म्हणून तिची वाहवा होत असे. त्या वर्षी ती शंभरावर गावांसह बृहत् बंगळूर महापालिकेत ओढली गेली. या नव्या भागातील ११० गावांसाठी सुमारे शंभर किलोमीटरांवरून कावेरीचे पाणी आणणारा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. कर सतरा वर्षे आधी, पाणी सतरा वर्षांनंतर! मधल्या काळात टँकरमालकांचे फावले. मार्च २०२४ च्या टंचाईत ६ हजार लिटरच्या टँकरला ५ किलोमीटरांच्या आत ६०० रुपये असा दर जिल्हा प्रशासनाला बांधून द्यावा लागला. त्याच वर्तुळाकार रस्त्यावर २०२१ मध्ये काम सुरू झालेल्या मेट्रोच्या निळ्या मार्गिकेवर २०२५ चे वर्ष संपले तरी गाडी धावली नव्हती.

हेही एकदा ‘मध्यम शहर’ होते

नव्या शहराच्या प्रचारकांनी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरावयाची ठरविलेली दिसते. १९७१ च्या जनगणनेत बंगळूरची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत विशाखापट्टण महापालिकेची लोकसंख्या जवळपास तेवढीच, सतरा लाखांवर होती. निवृत्तांचे शहर, बागांचे शहर, थंड हवेचे शहर, अशी आज विशाखापट्टणला लावली जातात तशीच विशेषणे तेव्हा बंगळूरला लावली जात. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ साली बंगळूरला गेली. म्हणजे मध्यम शहराकडे चला, हा मंत्र काही आजचा नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी तो जपला गेला, त्याचेच फळ बेळ्ळंदूर आहे.

कोणी म्हणेल की, मग शहरे वाढूच नयेत काय? प्रश्न वाढीचा नाही, वाढ कोणाच्या हिशेबाने होते हा आहे. इन्फोसिस येण्यापूर्वी बंगळूर हे ओसाड माळरान नव्हते. हिंदुस्थान एअरक्राफ्ट, आयटीआय, एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स, भारत अर्थ मूव्हर्स या सार्वजनिक कारखान्यांनी तेथे कुशल कामगारांच्या पिढ्या घडविल्या. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा, दवाखाना व कामगारांसाठी बस हे ओघाने येई. ती व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ असे ७७ दिवस याच कारखान्यांतील सुमारे सव्वा लाख कामगार भेलच्या बरोबरीने वेतन मिळावे म्हणून संपावर होते, आणि केंद्र सरकारने त्यांच्याशी कठोरपणानेच वर्तन केले. तरीही एचएमटीचा कामगार दीड तास रस्त्यावर तिष्ठत नव्हता, कारण त्याचे घर आणि त्याचे यंत्र यांचा विचार एकाच आराखड्यात झाला होता. पुढे हा आराखडा गुंडाळला गेला, एचएमटीचे घड्याळ २०१६ मध्ये कायमचे थांबले आणि शहराची घडण जमिनीच्या दलालांवर सोपविली गेली. खड्डा पडला तो येथे. रस्त्यावर तो नंतर दिसला.

नव्वद आणि नऊ पैसे

आता ज्या शहराचे गोडवे गायिले जात आहेत तेथे काय चालले आहे ते पाहू. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र सरकारने विशाखापट्टण येथील २१.१६ एकर जमीन टाटा कन्सल्टन्सीला नाममात्र ९९ पैशांना देण्याचे ठरविले. पुढे कॉग्निझंटलाही जवळपास तितकीच जमीन त्याच भावाने देऊ करण्यात आली. देशातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एकीला जमीन परवडत नाही, हे कोणी मानील काय? चहाच्या टपरीला जागा मिळविण्यासाठी जो फेरीवाला महापालिकेच्या पायऱ्या झिजवितो त्याला हा भाव कोणी सांगत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने तेथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरचे माहिती-केंद्र उभारण्याची घोषणा केली, तेव्हा कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी आंध्रने त्यासाठी २२ हजार कोटींच्या सवलती दिल्याचा आरोप केला. आरोपातील दुखणे खरे आहे, पण ते करणाऱ्यांचे हात तरी कोठे स्वच्छ आहेत? कर्नाटक सरकारही ‘बियाँड बेंगळुरू’ या नावाने म्हैसूर, मंगळूर आणि हुबळी-धारवाड-बेळगाव येथे याच प्रकारची सवलतींची पेठ मांडून बसले आहे. काँग्रेस असो, तेलुगू देसम असो वा महाराष्ट्रातील भाजपचे सरकार असो, लिलावात बोली चढविणाऱ्यांच्या टोप्यांचे रंग निराळे, माल एकच: जनतेची जमीन, पाणी आणि वीज.

विशाखापट्टणला उद्योग कसा आला होता, तेही आठवावे. ‘विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु’ या घोषणेने १९६६ साली सारा आंध्र पेटला. पोलाद कारखान्याच्या मागणीसाठी ३२ माणसांनी प्राण दिले, कम्युनिस्टांसह विरोधी आमदारांनी राजीनामे दिले, आणि जानेवारी १९७१ मध्ये कोनशिला बसली. हजारो एकर जमीन शेतकऱ्यांनी दिली. त्यांतील अनेक कुटुंबे कबूल केलेल्या नोकरीची वाट पाहत राहिली. हा कारखाना जानेवारी २०२१ मध्ये केंद्रातील मोदी सरकारने संपूर्णपणे विकावयास काढला. कामगारांचे साखळी उपोषण हजार दिवसांच्या पुढे गेले. विक्री रखडली ती त्यांच्या चिकाटीमुळे. जानेवारी २०२५ मध्ये ११,४४० कोटींचे साहाय्य जाहीर झाले, आणि त्याच वर्षी कंत्राटी कामगारांना कमी करण्याचा सपाटा लागून त्यांना संपावर उतरावे लागले. एकीकडे हजारोंना पोसणारे पोलाद मोडीत काढावयाचे आणि दुसरीकडे ९९ पैशांत टेकड्या वाटून रोजगार आणल्याच्या बढाया मारावयाच्या, असे हे ‘वाढते शहर’ आहे. गुगलच्या माहिती-केंद्रात यंत्रे लक्षावधी असतील. माणसे मात्र बोटांवर मोजावी लागतील, आणि त्या यंत्रांना थंड ठेवण्यासाठी शहराच्या तोंडचे पाणी लागेल.

येथे एका प्रामाणिक शंकेचे उत्तर दिले पाहिजे. लातूर, सांगली वा बेळगावचा जो तरुण आज बेळ्ळंदुरात सहा जणांत एक खोली घेऊन राहतो त्याने गावाजवळच्या शहरात जाऊ इच्छिणे यात गैर ते काय? काहीही गैर नाही. घराजवळ काम, चालत जाता येईल असे बिऱ्हाड, श्वास घेता येईल अशी हवा या मागण्या कामगारवर्गाच्या जुन्याच मागण्या आहेत, आणि उद्योग मागास भागांत न्यावेत ही डाव्या चळवळीचीही मागणी राहिलेली आहे. या तरुणाला चैनबाज म्हणून हिणविण्याची एक खोड आपल्याही काही कार्यकर्त्यांत दिसते, ती आत्मघातकी आहे. तो वेतनावर जगतो. घराचा हप्ता थकला की तिसऱ्या महिन्यात त्याची ऐट संपते. आक्षेप त्याच्या इच्छेवर नाही. ती इच्छा पुढे करून कंपन्या सवलती उकळतात आणि त्याच्या हाती पूर्वीचेच बेळ्ळंदूर नव्या नावाने ठेवतात, यावर आहे.

त्याच्या असंतोषाला फुटणारी दुसरी वाट याहून घातक आहे. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांतील व्यवस्थापनाच्या ५० टक्के व इतर ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याचे विधेयक संमत केले आणि उद्योगपतींनी डोळे वटारताच दोन दिवसांत ते बासनात गुंडाळले. परप्रांतीयाला शिवी देऊन झाली, मालकालाही दुखविले नाही! हा खेळ मराठी कामगाराने फार पूर्वी पाहिला आहे. १९६० च्या दशकात ‘मार्मिक’मधून दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या गेल्या, १९६६ मध्ये शिवसेना निघाली, उडप्यांची दुकाने फुटली, आणि जून १९७० मध्ये लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. लुंगीवाल्यांना हाकलून मराठी माणसाला नोकऱ्या मिळणार होत्या. प्रत्यक्षात गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, आणि त्या गिरणी कामगारांची नातवंडे आज त्याच दक्षिणेत नोकरीसाठी गेली आहेत. त्यांना कोणी तेथे यादीत घालू नये, असे वाटत असेल तर करियम्मन अग्रहारच्या मजुराला यादीत घालणाऱ्यांविरुद्ध बोलणे प्राप्त आहे.

स्थलांतराच्या जाहिरातीत ज्याचा उल्लेख नसतो तो मुद्दा कामाच्या तासांचा. जून २०२५ मध्ये आंध्रच्या मंत्रिमंडळाने कामाचा दिवस ९ तासांवरून १० तासांचा करण्यास संमती दिली. त्याच महिन्यात कर्नाटकाने तसाच प्रस्ताव पुढे आणला. त्यापूर्वी जुलै २०२४ मध्ये आयटी क्षेत्रात १४ तासांच्या दिवसाचा विचार झाला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत ९ ऐवजी १२ आणि दुकाने व आस्थापनांत ९ ऐवजी १० तासांना मंजुरी दिली. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास मागितले होते, लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी २०२५ च्या आरंभी ९० तासांपर्यंत मजल मारली. पुण्याहून बंगळूरला आणि तेथून विशाखापट्टणला गेलेल्या माणसाचा प्रवासातील एक तास वाचलाच, तर तो कचेरीत जमा करून घेण्याची ही तजवीज आहे.

१४ तासांचा प्रस्ताव हाणून पाडला तो आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या, सिटूशी संलग्न असलेल्या ‘किटू’ने कामगारमंत्र्यांना निवेदने दिली, कचेऱ्यांच्या दारांत सभा घेतल्या, मार्च २०२५ मध्ये फ्रीडम पार्कवर निदर्शने केली. तिची जुनी मागणी आयटी उद्योगाला १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातून मिळणारी सूट रद्द करण्याची होती. कर्नाटकाने ही सूट २०१४ पासून पुनःपुन्हा वाढविली, शेवटची २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने कामगार संहिता लागू केल्या आणि तो कायदाच औद्योगिक संबंध संहितेत विरून गेला. नव्या संहितेप्रमाणे ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला स्थायी आदेश बंधनकारक नाहीत. दोन हजारांची एक कचेरी मोडून मध्यम शहरांत अडीचशे-अडीचशेच्या आठ कचेऱ्या थाटल्या की मालकाला काय साधते, ते येथे उघड होते. स्वच्छ हवेच्या गप्पांमागे हा ३०० चा आकडा आहे. म्हणून पुणे, बंगळूर, हैदराबाद व विशाखापट्टण येथील संघटनांनी सभासदत्व शहराशी न बांधता कंपनीशी बांधावे, बदली झालेल्या सभासदाचे नाव त्याच आठवड्यात दुसऱ्या शहराच्या शाखेकडे कळवावे, आणि नव्या कचेरीच्या दारातील पहिली सभा तेथील झाडूवाले व पहारेकरी यांना सोबत घेऊन भरवावी, याचा विचार झाला पाहिजे.